कंपनीचे ऑनलाइन रिव्ह्यू: नोकरी घेण्याआधी त्यांवर किती भरवसा ठेवायचा आणि ते कसे वाचायचे?

चौकस (धागाकर्ता)

अर्ज करण्याआधी कंपनीचं नाव ग्लासडोअर, इंडीड किंवा ब्लाइंड अशा, कर्मचारी आपल्या कंपनीबद्दल निनावी रिव्ह्यू लिहितात त्या साइटवर टाकून बघणं आता सगळेच करतात. वरचा मोठा आकडा बघायचा, पहिले चार-पाच रिव्ह्यू वाचायचे आणि मत ठरवायचं. त्या पानावर सगळ्यात कमी उपयोगाच्या गोष्टी नेमक्या याच दोन. आकड्यातून कोण बोललं आणि कधी बोललं हे कळत नाही. वर कोणते रिव्ह्यू दिसावेत हे साइट ठरवते, आणि ग्लासडोअरवर पैसे भरून पान घेणाऱ्या कंपनीला आपल्या पसंतीचा एक रिव्ह्यू 'फीचर्ड' म्हणून वर लावताही येतो.

म्हणून वाचायला बसण्याआधी तीन गोष्टी करा: क्रम 'नवीन आधी' असा लावा, हुद्द्याचा फिल्टर लावा, शाखेचा फिल्टर लावा. फिल्टरनंतर दहापेक्षा कमी रिव्ह्यू उरले तर शाखेचा काढा, हुद्द्याचा ठेवा. सेल्स आणि अकाउंट्स एकाच इमारतीत बसले तरी त्यांच्या नोकऱ्या एकमेकींपासून फार लांब असतात.

मग एक साधी शीट. गेल्या दोन वर्षांतले 40-50 रिव्ह्यू, आणि प्रत्येकासाठी सहा रकाने: महिना, स्टार, हुद्दा, आजी की माजी, किती काळ काम केलं, आणि शेवटचा 'तपासता येणारा दावा'. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 'मॅनेजमेंट भयंकर आहे' हे मत. तो रकाना रिकामा सोडा. 'पगार दर महिन्याला आठ-दहा दिवस उशिरा होतो', 'ठरलेला व्हेरिएबल (पगाराचा कामगिरीवर मिळणारा भाग) दोन तिमाही दिला नाही', 'सपोर्टच्या लोकांना रात्रपाळी लावतात, पण मुलाखतीत सांगत नाहीत' हे दावे. ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. बहुतेक रिव्ह्यूंसमोर रकाना रिकामाच राहतो. तासाभराचं काम आहे.

एकच दावा वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या हुद्द्यांच्या तिघांनी, वेगवेगळ्या शब्दांत केला असेल तर तो खरा मानून पुढे चला. तोच दावा एका आठवड्यात, साधारण त्याच वाक्यरचनेत चार वेळा आला तर चौघांचं मिळून एकच मत धरा.

तुम्ही लोक कसं वाचता, आणि यात कुठे फसगत होते, ते लिहा.

सरासरी

चांगला धागा. आकड्यांबद्दल थोडं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

समजा 10 रिव्ह्यू आहेत आणि सरासरी 3.5. कंपनीने पाच जणांना सांगून 5 स्टार टाकायला लावले, तर एकूण 35 + 25 = 60, भागिले 15, म्हणजे 4.0. एका दुपारचं काम. हेच 300 रिव्ह्यू असलेल्या कंपनीने केलं तर 1050 + 25 = 1075, भागिले 305, म्हणजे 3.52. मोठा आकडा हलवायला मोठी मोहीम लागते आणि ती तारखांमध्ये दिसते. छोट्या आकड्याला काहीच लागत नाही.

दुसरं, 3.7 आणि 3.9 मधला फरक. रिव्ह्यूंचा पसारा, म्हणजे एकेक रिव्ह्यू सरासरीपासून साधारण किती लांब असतो ते, 1.3 स्टारचा धरला, तर 20 रिव्ह्यूंच्या सरासरीत दोन्ही बाजूंना सुमारे 0.6 ची अनिश्चितता राहते. 100 रिव्ह्यू असले की ती 0.25 पर्यंत येते. म्हणजे प्रत्येकी 20 रिव्ह्यू असलेल्या दोन कंपन्यांत 0.2 च्या फरकावरून निवड करण्यात अर्थ नाही. हेही लिहिणारे लोक यदृच्छेने आलेले असतील तरच, आणि ते तसे कधीच आलेले नसतात. रागावलेले येतात, खूश असलेले येतात, एचआरने आठवण केलेले येतात. मधले गप्प असतात.

तिसरं, सरासरीपेक्षा वाटणी बघा. वीस जणांपैकी दहांनी 5 आणि दहांनी 2 दिले तरी उत्तर 3.5, आणि दहांनी 3, दहांनी 4 दिले तरी 3.5. पहिल्या कंपनीत जवळपास नेहमी दोन वेगळ्या कंपन्या लपलेल्या असतात: दोन विभाग, दोन शाखा किंवा मालकी बदलण्याआधीचा आणि नंतरचा काळ. तुम्ही त्यातल्या कोणत्या अर्ध्या भागात जाणार, एवढंच शोधायचं असतं.

आणि वरचा आकडा साधी सरासरी असेलच असं नाही. ग्लासडोअर नव्या रिव्ह्यूंना जास्त वजन देतं, त्यामुळे हाताने केलेली बेरीज जुळली नाही तर गोंधळून जाऊ नका.

भरतीवाला

भरतीच्या बाजूने बघताना दिसणारी गोष्ट सांगतो. महिन्यांचा रकाना भरून झाला की त्यात उंचवटे शोधा. महिन्याला एक-दोन रिव्ह्यू येणाऱ्या कंपनीला अचानक एका महिन्यात पंधरा आले तर काहीतरी घडलंय. 2019 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने ग्लासडोअरच्या माहितीचा अभ्यास केला, तेव्हा 400 हून अधिक कंपन्यांच्या पानांवर असे एका महिन्यातले मोठे उंचवटे सापडले होते, आणि अशा महिन्यांत 5 स्टारचं प्रमाण बहुतेक ठिकाणी जास्त होतं.

पण प्रत्येक उंचवटा म्हणजे लबाडी असं धरू नका. कारणं साधारण अशी असतात:

- 'काम करायला उत्तम जागा' छापाच्या यादीसाठी मोहीम. ग्लासडोअरची स्वतःची वार्षिक यादी ठरावीक काळातल्या रिव्ह्यूंवरूनच ठरते, त्यामुळे एचआरकडून सगळ्यांना 'दोन मिनिटं काढा' असा मेल जातो. लिहिणारे खरे कर्मचारीच असतात, फक्त खूश असलेल्यांना वेचून मेल गेलेला असतो.
- नव्या लोकांची तुकडी. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी रिव्ह्यू लिहून घेतात. मजकूर खरा, पण नोकरी अजून सुरूच झालेली नसते. 'किती काळ काम केलं' या रकान्यात 'वर्षापेक्षा कमी' अशी रांग लागली की हे ओळखू येतं.
- नोकरकपात किंवा विलीनीकरण. त्या महिन्यात 1 स्टारचा उंचवटा येतो. दुःख खरं असतं, पण त्यातून कपात कशी हाताळली हे कळतं. रोजचं काम कसं आहे ते कळत नाही.
- डागडुजी. एखादा जळजळीत 1 स्टारचा रिव्ह्यू आला की पुढच्या आठ-दहा दिवसांत चार-पाच 5 स्टार येतात आणि तो खाली ढकलला जातो. हा प्रकार ओळखायला सगळ्यात सोपा आणि सर्वात वाईट. 'नवीन आधी' क्रमात 1 स्टारच्या लगेच वर 5-5-5-5 दिसलं की थांबा.

आणखी एक. काही साइट पगाराचे आकडे दाखवण्याआधी तुमच्याकडून रिव्ह्यू मागतात. याचा एक फायदा आहे: एरवी गप्प राहणारे मधले लोक लिहितात आणि टोकाचे आकडे कमी होतात, असं ग्लासडोअरच्याच माहितीवर झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. तोटा असा की लोक किमान शब्द भरून मोकळे होतात. 'गुड कंपनी, गुड पीपल, नथिंग बॅड' हे बहुतेक वेळा खोटं नसतं, घाईचं असतं. वजन शून्य धरा आणि पुढे जा.

वाटसरू

मी ऐकलंय की 1 आणि 5 स्टार सरळ गाळायचे आणि फक्त 2, 3, 4 वाले वाचायचे. सोपा नियम वाटतो. बरोबर आहे का?

नीरजा

वाटसरू, नियम सोपा आहे, पण धोकादायक आहे. ज्याचा तीन महिन्यांचा पगार थकलाय तो 3 स्टार देणार नाही. छळाची तक्रार दाबली गेलेली व्यक्ती 'काही चांगलं, काही वाईट' असं लिहिणार नाही. सगळ्यात गंभीर माहिती 1 स्टारमध्येच असते. गाळलीत तर तीच हातातून जाते.

3 स्टारवाले रोजच्या नोकरीचं चित्र चांगलं देतात हे खरं. काम किती, शिकायला काय मिळतं, बढती किती वर्षांनी, यासाठी आधी तेच वाचा. पण 1 स्टार वाचताना प्रश्न बदला. 'हा माणूस चिडलाय का?' हे विचारू नका, तो चिडलेलाच आहे. 'चिडण्याचं कारण म्हणून त्याने कोणती घटना सांगितली?' हे विचारा.

सगळ्या तक्रारींना सारखं वजनही देऊ नका. जेवणाचा दर्जा, खुर्च्या, 'सहकारी राजकारण करतात' अशा तक्रारी दहा असल्या तरी बाजूला ठेवता येतात. पगार थकणं, राजीनाम्यानंतर अनुभवपत्र किंवा मूळ कागदपत्रं अडवणं, ऑफर लेटर आणि प्रत्यक्ष हुद्दा वेगळा असणं, छळ, या बाबतीत एकमेकांशी संबंध नसलेले दोनच रिव्ह्यू असले तरी तपास केल्याशिवाय पुढे जाऊ नये. चूक झाली तर कोणत्या बाजूला किती नुकसान होतं, त्यावरून हे वजन ठरतं.

मृण्मयी

नीरजा +1.

भाषेवरून खोटेपणा ओळखण्याबद्दल एक सावधगिरी. 'तोटे: काहीच नाही', 'जरा जास्तच शिकायला मिळतं', संचालकाचं पूर्ण पदनाम, करिअर पानावरची वाक्यं जशीच्या तशी, 'आम्ही' ऐवजी सगळीकडे 'कर्मचाऱ्यांना' असा शब्द, या खुणा बघायला हरकत नाही. पण त्यावर फार विसंबू नका. 2011 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी हॉटेलांचे खरे आणि मुद्दाम लिहून घेतलेले खोटे रिव्ह्यू लोकांपुढे ठेवले, तेव्हा ओळखणाऱ्यांचं यश जेमतेम अंदाजाने उत्तर देण्याइतकंच निघालं. आता एआयकडून लिहून घेतलेला मजकूर तर चारचौघांसारखाच दिसतो, आणि उलट खरा माणूसही स्वतःचं लिखाण ओळखू येऊ नये म्हणून एआयकडून फिरवून घेतो. तारखा, हुद्दे आणि दाव्यांची जुळणी यांना फसवणं जास्त कठीण असतं, म्हणून भर तिथे द्या.

उपरेटिंगही बघा. ग्लासडोअरवर पगार, कामाचा समतोल, वरिष्ठ व्यवस्थापन, संधी वगैरेंचे वेगळे स्टार देता येतात. वर 5 आणि व्यवस्थापनाला 2, किंवा वर 1 आणि पगाराला 4, असा माणूस सहसा विचार करून लिहीत असतो. सगळ्या रकान्यांत सरसकट 5 किंवा सरसकट 1 असेल तर त्यात भावना जास्त, माहिती कमी.

कलम

'मोघम लिहिलंय म्हणजे खोटं असणार' असं खूपदा वाचायला मिळतं. त्याबद्दल लिहितो, कारण यात खऱ्या लोकांवर अन्याय होतो.

निनावी रिव्ह्यू शेवटपर्यंत निनावी राहतोच असं नाही. 2022 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने झुरू या खेळणी कंपनीच्या अर्जावर ग्लासडोअरला रिव्ह्यू लिहिणाऱ्यांची ओळख उघड करण्याचा आदेश दिला. कंपनीला न्यूझीलंडमध्ये बदनामीचा दावा लावायचा होता. फेब्रुवारी 2024 मध्ये हॅम्बुर्गच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने कुनुनू या साइटबद्दल अंतरिम आदेश दिला: लिहिणारा खरंच तिथे कामाला होता का हे कंपनीला तपासता आलं पाहिजे, नाहीतर रिव्ह्यू काढावा लागेल. देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत, पण लिहिणाऱ्याला ही भीती सगळीकडे असते.

त्यामुळे शहाणा माणूस तारीख, प्रकल्प, टीमचं नाव टाळतो. सहा जणांच्या टीममधल्याने 'क्लायंट बदलल्यावर रोज बारा तास' एवढं लिहिलं तरी तो ओळखू येतो. ग्लासडोअरसारख्या साइटवर सर्वोच्च अधिकारी सोडून इतरांची नावं लिहिता येत नाहीत, त्यामुळे 'माझा मॅनेजर' यापुढे मजकूर जाणारच नाही. तपशील नसला तर वजन कमी करा. खोटं म्हणून शिक्का मारू नका.

गप्प राहिलेल्यांचाही विचार करा. कपातीत जादा रक्कम देताना अनेक कंपन्या 'कंपनीविरुद्ध काही बोलणार नाही' अशा करारावर सही घेतात. मोठी कपात झालेली असूनही पानावर शुकशुकाट असेल, तर तो सगळं सुरळीत असल्याचा पुरावा धरू नये.

काढून टाकलेले रिव्ह्यू बघायचे असतील तर कंपनीच्या पानाचा पत्ता वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी साइट) टाका आणि एक-दोन वर्षांपूर्वीची प्रत उघडा. एकूण संख्या आणि सरासरी टिपून आजच्याशी ताडा. लॉगिनमागची पानं बहुतेक वेळा साठवलेली नसतात, पण वरचा आकडा कधीकधी मिळतो. एकूण संख्या कमी झालेली दिसली तर साइटनेच खोटे काढले असतील किंवा कंपनीने हरकती घेऊन खरे उडवले असतील. संख्या घटली आणि सरासरी वर गेली, तर पुढच्या तपासात जास्त काटेकोर राहा.

वाटसरू

सगळ्यांचे आभार, 1 आणि 5 स्टार गाळायचा नियम सोडला. आता एक नेमका प्रश्न. समजा कंपनीचे 62 रिव्ह्यू आहेत. जुने 40 चार वर्षांतले, त्यांची सरासरी 2.7. गेल्या तीन महिन्यांतले 22, जवळजवळ सगळे 5, सरासरी 4.8. साधी सरासरी 3.4 येते. कंपनी सुधारली की मोहीम चालवली, हे कसं ठरवायचं?

चौकस (धागाकर्ता)

वाटसरू, आधी वेग बघा. चार वर्षांत 40 म्हणजे महिन्याला एकही धड नाही, आणि आता महिन्याला सात. एवढं आपोआप वाढत नाही, त्यामुळे कुणीतरी लिहायला सांगितलंय हे धरून चाला. पण सांगून लिहून घेतलेले रिव्ह्यूही खरे असू शकतात, म्हणून तिथे थांबू नका.

जुन्या 40 मधल्या मुख्य तक्रारी काढा, फार तर तीन. मग त्या 22 मध्ये या तीन गोष्टींचा उल्लेख शोधा. कंपनी खरंच सुधारली असेल तर जुने लोक जुन्या दुखण्याबद्दलच बोलतात: 'आता पगार वेळेवर होतो', 'नवीन ऑपरेशन्स हेड आल्यापासून शनिवार बंद झाला'. मोहिमेतल्या रिव्ह्यूंमध्ये ते दुखणं कधी नव्हतंच असा सूर असतो. वातावरण, टीम, शिकण्याची संधी, एवढंच. 22 पैकी तीन-चार जणांनी जरी जुन्या तक्रारीचं नाव घेऊन बदल सांगितला, तरी मी सुधारणेच्या बाजूने झुकेन. एकानेही नाही सांगितला तर 2.7 लाच खरा आकडा समजेन.

मग अनुभवाचा रकाना. 22 मध्ये दोन वर्षांहून जास्त काम केलेले किती? आणि शक्य असेल तर तीन-चार आठवड्यांनी पान पुन्हा उघडा. ओघ एकदम शून्यावर आला असेल तर उत्तर मिळालं.

सरासरी

चौकस यांना एक जोड: कंपनी विकली गेली किंवा दुसरीत विलीन झाली असेल तर जुनी पानं नव्या पानात मिसळतात. मग जुने 40 मुळात वेगळ्याच कंपनीचे असू शकतात. फ्रँचायझी ब्रँडमध्ये तर प्रत्येक जागेचा मालक वेगळा आणि पान एकच. एजन्सीमार्फत लावलेले लोक कधी एजन्सीच्या पानावर लिहितात, कधी जिथे बसतात त्या कंपनीच्या. हुद्द्यापुढे 'कॉन्ट्रॅक्ट' दिसलं की ती ओळ वेगळी ठेवा.

पगाराच्या आकड्यांचंही तसंच. मूळ पगार की बोनस धरून, कोणत्या वर्षीचा, किती लोकांनी दिलेला, हे तीन प्रश्न. पाचपेक्षा कमी नोंदी असतील तर तो आकडा वाटाघाटीत वापरू नका. काही ठिकाणी दिसणारा आकडा कुणी दिलेला नसून साइटने काढलेला अंदाज असतो. पानावर तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

मृण्मयी

मुलाखतीचे रिव्ह्यू वेगळ्या टॅबमध्ये असतात आणि बरेच जण तिकडे फिरकत नाहीत. नाकारलेल्यांचा राग त्यात असतो, पण तपशील साधे असतात: किती फेऱ्या, किती दिवस, घरी करायला दिलेलं काम किती तासांचं, उत्तर आलं की नाही. सलग पाच-सहा जणांनी 'पाच फेऱ्यांनंतर काहीही कळवलं नाही' असं लिहिलं असेल तर आत निर्णय कसे होतात याचा अंदाज येतो.

आता साइटबाहेर. लिंक्डइनवर कंपनीचं पान उघडा, 'पीपल' मध्ये तुमचा हुद्दा टाका. मग सर्चमध्ये 'माजी कंपनी' हा फिल्टर लावून त्याच हुद्द्याचे 15-20 जण काढा आणि प्रत्येकाने तिथे किती महिने काढले ते लिहा. अर्ध्याहून जास्त जण वर्षाच्या आत गेले असतील तर 'लोक टिकत नाहीत' हा रिव्ह्यूमधला दावा पक्का झाला. इंटर्न आणि ठरावीक मुदतीचे लोक मात्र मोजू नका, नाहीतर आकडा उगाच वाईट दिसेल. त्याच पदाची जाहिरात चार-सहा महिन्यांत पुन्हा पुन्हा येते का, तेही बघा.

सोडून गेलेल्या दोघा-तिघांना छोटा निरोप पाठवा. 'कंपनी कशी आहे?' असं विचारलं तर 'ठीक आहे' एवढंच येतं. शीटमधला एकच दावा घेऊन विचारा: 'सपोर्ट टीमला रात्रपाळी असते असं वाचलं, तुमच्या वेळी होती का?' याला हो-नाही उत्तर देणं सोपं असतं, आणि लोक देतात.

नीरजा

चार-पाचच रिव्ह्यू असलेल्या छोट्या कंपनीसाठी वरचं गणित सोडून द्या आणि थेट मृण्मयीने सांगितलेल्या रस्त्याने जा. आणि नवीन पान, दोन आठवड्यांत डझनभर 5 स्टार, वर नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपसाठी आगाऊ पैसे मागणं, असं एकत्र दिसलं तर ती नोकरीची फसवणूक समजा. पैसे भरू नका, ओळखपत्राच्या प्रती पाठवू नका.

भरतीवाला

शेवटचा टप्पा मुलाखतीचा. शीटमधले दोन-तीनच दावे निवडा आणि प्रश्नात 'रिव्ह्यू' हा शब्द आणू नका, समोरचा लगेच बचावात जातो. 'हे पद नवीन आहे की आधी कोणी होतं? ते किती काळ होते, आता कुठे आहेत?' 'मागच्या महिन्यात टीमने किती शनिवार-रविवार काम केलं?' 'व्हेरिएबल मागच्या वर्षी किती टक्के दिला गेला?' हाच प्रश्न मॅनेजरला आणि तुम्ही ज्या टीममध्ये जाणार तिथल्या माणसाला वेगवेगळा विचारा. दोघांची उत्तरं जुळली तर ठीक. एकाने आकडा सांगितला आणि दुसऱ्याने विषय बदलला तर रिव्ह्यू खरा असण्याची शक्यता वाढते.

कंपनीने रिव्ह्यूंना दिलेली उत्तरंही याच वेळी वाचा. 'तुमच्या अभिप्रायाबद्दल आभार, एचआरला मेल करा' हे सगळीकडे चिकटवलेलं असतं, त्यातून काही कळत नाही. 'मार्चमध्ये पगार उशिरा झाला, कारण अमुक, एप्रिलपासून तारीख पाळली आहे' असं उत्तर असेल तर कंपनीने तक्रार मान्य केली आणि तुम्हाला तपासायला तारीखही दिली. लिहिणाऱ्याला खोटारडा ठरवणारं किंवा त्याची ओळख विचारणारं उत्तर असेल, तर तिथे तक्रार केल्यावर काय होतं ते समोरच आहे.

ऑफर आल्यावर उरलेल्या शंका मेलवर घाला, फोनवर नको: 'आपल्या बोलण्यानुसार पाळी सकाळची, व्हेरिएबल तिमाहीला, नोटीस 60 दिवस. कृपया दुजोरा द्यावा.' तोंडी मान्य केलेली गोष्ट मेलवर लिहून द्यायला टाळाटाळ झाली, तर त्या मुद्द्यावरचे जुने 1 स्टार पुन्हा उघडून वाचा आणि मगच सही करा.